'बदली' : एका शब्दाची दोन प्राक्तने

'बदली' हा शब्द आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या संसारात एखाद्या हुकमी वडीलधाऱ्या माणसासारखा वावरत असतो. मुलांची शाळा, घरातील सामानसुमान, गावाकडील वृद्ध आईवडिलांची व्यवस्था, यांपैकी कशाचाही विचार त्याला बाजूस ठेवून करता येत नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे राहिलेली मराठी कुटुंबे आपल्या आयुष्याचा काळ सनांनी मोजीत नाहीत. जबलपूरची बदली, दिल्लीची बदली, कलकत्त्याची बदली अशा बदल्यांनीच तो मोजतात. तथापि या बदलीचा कितीही जाच वाटला, तरी तिच्याबरोबर काही गोष्टी न चुकता येतात. सेवापुस्तक मागोमाग येते, शिल्लक रजा त्यात नोंदलेली असते, ज्येष्ठतेच्या यादीतील जागा ढळत नाही, आणि निवृत्तीनंतरची तरतूद आपल्या गतीने वाढत राहते. माणूस हलतो, त्याची नोकरी हलत नाही.

मुंबईच्या गिरणगावात हाच शब्द कित्येक पिढ्या निराळ्या अर्थाने नांदला. तेथे बदली ही घटना नव्हती, ती व्यक्ती होती. 'तो कायम नाही, बदली आहे' एवढे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्यास सर्व काही कळत असे; मुलगी देणाऱ्यासही कळे आणि उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्यासही कळे. गैरहजर कामगाराच्या साच्यावर एका दिवसापुरता उभा राहणारा, आणि तो परतताच दाराबाहेर होणारा असा हा माणूस. येथे नोकरी जागच्या जागी असे, आणि माणूस तेवढा बदलत असे. एकाच भाषेतील एका शब्दाच्या वाट्याला अशी दोन प्राक्तने का यावीत, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मजुरांचा बाजार खरोखर कसा चालतो, आणि माणसे कामावर ठेवण्याचे व काढण्याचे अर्थशास्त्र कोणाच्या सोयीने मांडले जाते, याचा बराचसा उलगडा होतो. तोच या लेखाचा विषय होय.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली, आणि १८५६ साली ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आणला, आणि युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला. त्या पडझडीतून सावरल्यावर भायखळा, परळ, लालबाग या बाजूस धुराड्यांची रांग उभी राहू लागली. या गिरण्यांना लागणारी माणसे प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आली. त्यांच्यामागून सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरच्या जिल्ह्यांतून आली. आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही आली. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांची संख्या दोन लाखांच्या वर होती. कोकणातील भातशेतीचे तुकडे कुटुंबास वर्षभर पुरेनासे झाले होते, खंडाचा व कर्जाचा भार होता, आणि मुंबईची बोट बंदरास लागत होती. 'चाकरमानी' हा शब्द कोकणच्या घराघरांत रुळला तो या काळात.

या माणसाविषयी गिरणीमालकांनी एक सिद्धान्त तयार केला होता, आणि जी जी सरकारी समिती चौकशीस आली तिच्यापुढे तो मांडला. तो असा : हिंदी मजूर मनाने शेतकरीच राहतो, शहर त्याला परके, चार पैसे गाठीस लागले की तो गावाची वाट धरतो, म्हणून शिस्त, नियमितपणा, कौशल्य यांची त्याच्याकडून अपेक्षा करणे व्यर्थ, आणि अशा चंचल माणसांवर गिरणी चालवायची तर हाताशी बदली माणसांचा साठा असलाच पाहिजे. सिद्धान्त इतका सोयीचा होता की सरकारी अहवालांनी तो उचलला, अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अहवालांतून उचलला, आणि आमच्या सुशिक्षित वर्गाने पाठ्यपुस्तकांतून उचलला. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १८५४ ते १९४७ या काळातील मुंबईच्या गिरणीकामगारांचा इतिहास १९६५ साली प्रसिद्ध केला, आणि मजुरांच्या टंचाईची ही ओरड पुराव्यास टिकत नाही असे दाखविले. पुढे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात गिरणीच्या दारातून बाहेर पडून चाळ, खानावळ, सावकार आणि गाव यांपर्यंत हा शोध नेला. या दोघांचे एकमेकांशी सर्वत्र जमत नाही. परंतु मालकांचा सिद्धान्त कार्यकारणाची उलटापालट करतो, हे या दोन्ही ग्रंथांच्या वाचनानंतर आमच्या मनात पक्के झाले आहे.

ही उलटापालट समजण्यासाठी गिरणीचा हिशेब पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनच्या बाजारात जात असे. तो बाजार दूरचा आणि लहरी होता. इकडे कापसाचे भाव सट्ट्यावर चढत-उतरत होते. गिरण्या चालविणाऱ्या मॅनेजिंग एजंटांचे कमिशन प्रारंभीच्या काळात पुष्कळदा नफ्यावर नसून उत्पादनावर असे, पौंडामागे पाव आणा हा त्याचा प्रसिद्ध दर होता. अशा स्थितीत मागणी आली की सर्व साचे रात्रंदिवस फिरवायचे, आणि मागणी ओसरली की काही साचे थांबवायचे, हे धोरण स्वाभाविक ठरले. यंत्र थांबले तरी भांडवलाचे व्याज थांबत नाही, इमारतीचे भाडे थांबत नाही. थांबविता येण्यासारखा खर्च एकच होता, तो म्हणजे मजुरी. ती थांबविता यावी यासाठी माणूस असा हवा की जो आज बोलावला तर आज यावा, आणि उद्या नको म्हटले तर उद्या त्याने मुकाट परतावे. बदली माणूस कामगारांच्या चंचलपणातून जन्मला नाही. बाजारातील अनिश्चितता मालकाच्या अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याच्या गरजेतून तो जन्मला.

ही माणसे मिळवायची कोणी? मालक गुजराती किंवा पारशी, यंत्रखात्याचे प्रमुख पुष्कळदा लँकेशायरहून आलेले. गुहागर-देवरूखच्या माणसाशी बोलण्याइतकी भाषा त्यांपैकी फारच थोड्यांना अवगत होती. कामगारांची भरती, हजेरी, शिस्त आणि तक्रारी यांसाठी स्वतंत्र कचेरी उभारणे म्हणजे खर्च. तो खर्च वाचविण्याचा एक जुना मार्ग गिरणीने उचलला, तो म्हणजे मुकादमाचा. गिरणीत त्याला 'जॉबर' म्हणत. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. आमचे वाचक ज्या प्रांतांत विखुरले आहेत तेथेही त्यांना हा माणूस निरनिराळ्या नावांनी आढळला असेल. कलकत्त्याच्या तागगिरण्यांत तो 'सरदार' होता, कानपुरात 'मिस्त्री', आणि दक्षिणेत 'मेस्त्री'. नाव कोणतेही असो, काम एकच : मालकाला जे करावयाचे नाही किंवा करता येत नाही, ते मजुरांच्या खर्चाने करून देणे.

जॉबर माणसे आणी, ती कामावर घेई, काढी, साचा बिघडला तर दुरुस्त करवी, नवख्याला काम शिकवी. कामावर लावल्याबद्दल तो दस्तुरी घेई. रजेवरून परतलेल्याला पुन्हा आपल्या साच्यावर उभे राहावयाचे तर पुन्हा हात ओले करावे लागत. पण त्याचे राज्य गिरणीच्या फाटकापाशी संपत नव्हते. आपल्या माणसाला चाळीत जागा मिळवून देणे, खानावळवालीला आणि वाण्याला त्याच्या उधारीबद्दल हमी देणे, अडीअडचणीस स्वतः कर्ज देणे किंवा पठाणाकडून मिळवून देणे, हेही त्याचेच व्यवहार. यामुळे त्याला निव्वळ जुलमी ठरविणे सोपे जाते; परंतु ते पुरते खरे नाही. त्याची किंमत त्याच्या मागे असलेल्या माणसांवर अवलंबून होती. माणसे फुटली तर गिरणीला त्याचा उपयोग उरत नसे. म्हणूनच गिरणीत संप होई तेव्हा पुष्कळ जॉबर मालकाच्या बाजूस उभे राहत, आणि पुष्कळ संपाच्या बाजूसही दिसत. तो दोन्हीकडून ताणलेली दोरी होता. मालकाने आपल्या व्यवस्थापनाचे काम त्याला मक्त्याने देऊन टाकले होते, आणि त्या मक्त्याचा मोबदला मजूर भरीत होता.

आता या यंत्रणेत बदलीचे स्थान पाहावे. समजा, एका खात्यात १०० साचे आहेत, आणि आजार, थकवा, गावचे काम यांमुळे रोज सरासरी १० माणसे येत नाहीत. साचे चालू ठेवायचे तर रोज पहाटे फाटकाशी निदान १० माणसे हवीत. आणि ती नक्की मिळावीत यासाठी १५-२० तिष्ठत उभी असावीत. ज्यांना काम मिळाले त्यांना त्या दिवसाची मजुरी. ज्यांना मिळाले नाही त्यांनी भोंगा संपल्यावर घरी जावे. त्यांच्या वाट पाहण्याचे मोल गिरणीच्या कोणत्याही खातेवहीत नोंदले जात नसे. परंतु ही माणसे उद्या पुन्हा यावीत यासाठी त्यांना अधूनमधून काम मिळालेच पाहिजे. मग पुरेशी गैरहजेरी नसेल तर जॉबर कायम माणसालाच 'आज घरी बस' म्हणून सांगे, आणि त्याच्या जागी आपला बदली उभा करी. संध्याकाळी हजेरीपटावर कायम माणसाचा खाडा पडे. अशा खाड्यांची बेरीज समित्यांपुढे जाई, आणि तिच्यावरून हिंदी मजूर चंचल असल्याचे सिद्ध होई!

मजुरी देण्याच्या पद्धतीतही हेच धोरण होते. पगार महिन्याचा, पण तो महिना संपताच मिळत नसे. पुढील महिन्याच्या मध्यास किंवा त्याहूनही उशिरा मिळे. नव्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना किंवा अधिक काळ लोटे. तेवढे दिवस तो वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर गिरणीचा मजूर हा गिरणीचा धनको होता. तो आपल्या मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता, आणि ते देता यावे म्हणून स्वतः जबर व्याजाने कर्ज काढीत होता. अंगावर असे येणे थकलेले असता काम सोडून जाणेही सोपे नसे. मालकांना ते माहीत होते.

तरीही हा हिशेब पुरा होत नव्हता. एका माणसाच्या तुटपुंज्या व अनिश्चित मजुरीवर मुंबईत कुटुंब चालणे कठीण. मग ते चालत कसे होते? याचे उत्तर कोकणात होते. बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी राहत. पुरुष खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही, खानावळीत जेवी, आणि उरलेले पैसे गावी पाठवी. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, तेव्हापासून हा प्रवाह सरकारी नोंदींत दिसू लागला. पण उलट दिशेनेही एक प्रवाह वाहत होता, त्याची नोंद कोठेच नाही. तांदळाची गाठोडी बोटीतून मुंबईस येत. आजारी पडलेला, काम सुटलेला, संपावर गेलेला, म्हातारा झालेला कामगार गावी परते, आणि त्याला घर पोसे. प्रसूती गावी होत, मुले गावी वाढत, आणि वाढली म्हणजे गिरणीच्या फाटकाशी येऊन उभी राहत. मनुष्यबळ वाढविण्याचा, त्याची डागडुजी करण्याचा आणि निकामी झाल्यावर ते सांभाळण्याचा सारा खर्च रत्नागिरी जिल्ह्यातील बायकांच्या श्रमावर पडत होता. गिरणी देत होती ती केवळ हातांच्या वापराची किंमत. मजुराचे गावाशी असलेले नाते हे मालकांच्या तक्रारीचे कारण नव्हते. ते त्यांच्या स्वस्ताईचे रहस्य होते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात हे नाते तोडू नये, उलट ते नियमित करावे असा अभिप्राय दिला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

मालकांच्या सिद्धान्ताची परीक्षा इतिहासाने एकदा घेतली होती. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांना खरोखरच माणसे मिळेनाशी झाली. तेव्हा काय घडले? जी मजुरी महिन्याअखेरीसही देणे अशक्य म्हणून सांगण्यात येत होते, ती रोजच्या रोज देण्यात येऊ लागली. एका गिरणीची माणसे दुसरी गिरणी चढ्या भावाने पळवू लागली. रस्त्याच्या नाक्यावर माणसांसाठी चढाओढीने बोली झाल्याची वर्णने त्या वेळी नमूद झाली आहेत. साथीचा जोर ओसरला, माणसे परत आली, आणि रोजची मजुरी पुन्हा महिन्यावर गेली. यावरून दिसते ते हे की, थकबाकीची पद्धत हा काही उद्योगाचा निसर्गनियम नव्हता, किंवा हिंदी स्वभावाचा परिणामही नव्हता. फाटकाबाहेर माणसे उभी असली की ती चाले, आणि नसली की बंद पडे.

हे सारे कामगारांना समजत नव्हते असे मानणे चूक ठरेल. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. त्या अर्जातील मागण्या पाच होत्या : दर रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची तरतूद असावी. वाचकांनी या पाचही मागण्या पुन्हा एकवार वाचाव्यात. त्यांत पगारवाढीची मागणी एकही नाही. हे लोक अधिक पैसे मागत नव्हते. उद्या काय होईल हे आज कळावे एवढेच मागत होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९७ साली प्लेगमध्येच लोखंड्यांचा अंत झाला. आम्ही जी रविवारची सुटी जन्मसिद्ध मानून उपभोगतो, तिच्यामागे ही सभा आहे.

याच काळात हिंदुस्थान सरकार आपल्या स्वतःच्या नोकरांस कसे वागवीत होते, हे आमच्या वाचकांनी आठवावे. पेन्शनचा कायदा १८७१ चा. वेतनश्रेणी, रजेचे नियम, सेवानिवृत्ती यांची चौकट त्या शतकाच्या अखेरीपर्यंत उभी राहिली होती. सरकारला पक्के माहीत होते की माणूस प्रामाणिकपणे आणि सातत्याने काम करावयास हवा असेल तर त्याचे भवितव्य निश्चित केले पाहिजे. मात्र कायम नोकरीत असलेल्या आणि पेन्शनवर हक्क असलेल्या ज्या अधिकाऱ्यांनी गिरण्यांच्या चौकशीचे अहवाल लिहिले, त्यांना स्थैर्य हा कारकुनाच्या बाबतीत नियमांचा परिणाम वाटला, आणि मजुराच्या बाबतीत स्वभावाचा गुण वाटला.

दुसरा मार्ग शक्य होता, याचा पुरावा नागपुरात मिळतो. जमशेदजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस गिरणी सुरू केली. गैरहजेरीचा प्रश्न तेथेही बिकट होता. पण जमशेदजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी तो फाटकाशी बदली माणसांची गर्दी वाढवून सोडविला नाही; नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देऊन, १८८६ साली पेन्शनचा निधी काढून, १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊन, आणि १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू करून सोडविण्याचा प्रयत्न केला. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात यावयास १९२३ उजाडले, आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यावयास १९५२. ही केवळ दानत नव्हती. माणूस टिकला तर त्याचे कौशल्य वाढते आणि ते गिरणीच्याच उपयोगी पडते, हा तो हिशेब होता. वऱ्हाडच्या कापसाशेजारी वसलेल्या त्या गिरणीला मुंबईसारखा अफाट मजूरबाजार दाराशी नव्हता, हेही त्याचे एक कारण असावे.

या बाजाराला 'खुला' म्हणण्याचा प्रघात आहे. पण तोही तपासून पाहण्यासारखा आहे. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, मजुरी चांगली होती, आणि तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांस प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई की कांडीवरील धागा तुटला की धोट्याच्या भोकातून तो तोंडाने ओढावा लागतो, आणि एकमेकांचे उष्टे चालणार नाही. म्हणून हे कामगार कमी मजुरीच्या कताईखात्यात अडकून पडत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. ज्या बाजारात मालक माणसाचे हात तपासतो आणि सहकारी त्याची जात तपासतात, त्याला खुला बाजार म्हणता येत नाही. मालकाला या फळीची अडचण वाटली नाही. कमी मजुरीच्या खात्याला तिच्यामुळे माणसांचा तुटवडा पडत नव्हता.

१९२८ चा हा संप एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत चालला, आणि त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. जपानच्या स्पर्धेने गांजलेल्या मालकांनी एका माणसाकडे दोनऐवजी तीन माग आणि एका बाजूऐवजी दोन बाजू देण्याची योजना आणली होती. म्हणजे काम वाढणार, माणसे कमी होणार, आणि कमी झालेली माणसे पुन्हा फाटकाशी बदली म्हणून उभी राहणार. संपाच्या १७ मागण्यांची चौकशी फॉसेट समितीने केली. त्यानंतर व्हिटले कमिशनने कामगार घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचविले. पुढे १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने कामगार अधिकारी नेमला गेला. आणि १९३५ साली मालकांच्या संघाने बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्ड मिळावे, कार्डवाल्याने रोज सकाळी हजर व्हावे, आणि रिकाम्या जागा त्यांतूनच भराव्यात, अशी ती व्यवस्था. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने मोठ्या कारखान्यांत महिना संपल्यापासून १० दिवसांत पगार देणे सक्तीचे केले. लोखंड्यांच्या अर्जातील चौथ्या मागणीची पूर्तता व्हावयास ५२ वर्षे लागली, हे येथे नमूद केले पाहिजे. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने मजुरीचे प्रमाणीकरण करून किमान मूळ पगार ३० रुपये ठरविला, आणि १९५० साली सरकारने बदलीपणा कमी करण्याची स्वतंत्र योजना मुंबई, अहमदाबाद व सोलापूर येथे सुरू केली.

या सुधारणांनी जॉबरचे राज्य खालसा झाले, हे खरे. दस्तुरीच्या जागी क्रमांक आला. परंतु क्रमांक आला तरी बदली गेला नाही. पूर्वी तो जॉबरच्या मर्जीचा बदली होता, आता तो नोंदणीकृत बदली झाला; अनिश्चितता शिल्लक राहिली, तिला शिक्का मिळाला. कार्ड खिशात बाळगून वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहणारी माणसे गिरणगावात अखेरपर्यंत होती. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांस कायम करावे ही मागणी होती. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुष्कळ गिरण्या मात्र पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. कायम आणि बदली हा भेद त्यांच्याबरोबरच मिटला, कारण दोघेही रस्त्यावर आले. त्या वेळीही ज्यांना कोकणात घर होते त्यांना घराने आधार दिला, आणि ज्यांचा गावाशी संबंध सुटला होता त्यांचे हाल अधिक झाले.

कोणी म्हणेल की ही सारी गेलेल्या दिवसांची कहाणी आहे. धुराडी पडली, भोंगे थांबले, आता तिचे काय? आमचे म्हणणे असे की गिरणी गेली, पण तिने रूढ केलेला हिशेब गेला नाही. मागणीची अनिश्चितता कोणीतरी सोसलीच पाहिजे. भांडवल ती सोसू इच्छीत नाही. मग मध्यस्थ उभा राहतो आणि ती सर्वांत दुबळ्या खांद्यावर उतरवून देतो. या मध्यस्थाला आज जॉबर म्हणत नाहीत, कंत्राटदार म्हणतात. आणि तो आता गिरणीच्या फाटकाशी नव्हे, सरकारी कचेऱ्यांच्या दाराशी उभा आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कचेरीत झाडू मारणारा, पहाऱ्यावर बसणारा, संगणकावर नोंदी करणारा माणूस याच वाटेने आलेला असतो. तो एकाच खुर्चीवर वर्षानुवर्षे बसतो, कंत्राट तेवढे बदलते. आणि प्रत्येक नव्या कंत्राटाबरोबर तो पुन्हा नवा होतो. त्याला सेवापुस्तक नाही. 'ही माणसे टिकत नाहीत' असे त्याच्याविषयी आमच्याच तोंडून सहज निघून जाते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा गिरणीमालक आमच्या भाषेत बोलत असतो.

सर्वांना कायम करा असा सोपा उपाय सुचविण्याचे धाडस आम्ही करीत नाही. स्थैर्याला किंमत असते आणि ती कोणाला तरी मोजावी लागते, हे शासनात काम करणाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. पण ती किंमत कोण मोजतो आहे, एवढे पाहण्याचे कर्तव्य तरी टळत नाही. कंत्राटदाराचे देयक मंजुरीसाठी टेबलावर येते तेव्हा त्याच्यासोबत हजेरीपट जोडलेला असतो. सहीपूर्वी तो उघडावा; माणसांना गेल्या महिन्याची मजुरी कोणत्या तारखेस मिळाली ते पाहावे; भविष्यनिर्वाह निधीचा भरणा झाला की नाही ते पाहावे; आणि पाच वर्षांपूर्वीच्या पटावर तीच नावे होती का, हेही एकदा पडताळून पाहावे. लोखंड्यांच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनी १८८४ साली मागितले होते ते यापेक्षा फारसे अधिक नव्हते.